आपले व्हिडिओ ठेवायचे कुठं?



फोनवर ‘जागा शिल्लक नाही’ असं आलं, की आपण भराभर पुसायला लागतो. आधी सुप्रभातची फुलं जातात, आणि मग घाईघाईत सासूबाईंनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्याही जातात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, म्हणून त्या टिकल्या. पण तुमच्या घरातली ओवी, लेकीचं पहिलं पाऊल, गटाच्या मसाला प्रशिक्षणाचा व्हिडिओ हे सांभाळायला बाहेरचं कुणी येणार नाही.

ठेवायच्या जागा दोन. एक क्लाउड, म्हणजे कंपनीच्या मोठ्या संगणकावर, इंटरनेटवरून. दुसरी आपल्या घरात. धान्य गोदामात ठेवायचं की कणगीत, तसाच हा प्रश्न. गोदामाला भाडं पडतं, कणगीला उंदीर लागतात.

आधी गोदामाचं बघू. गूगल 15 जीबी जागा फुकट देतं. त्यातच ईमेल, फोटो, व्हिडिओ सगळं आलं. चांगल्या फोनवरचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण 100 एमबीचा धरा. म्हणजे अडीच तासांत 15 जीबी संपले. पुढं दरमहा किंवा दरवर्षी पैसे. शिवाय तासाभराचा व्हिडिओ वर चढवायला 6 जीबी लागतात. रोज दीड जीबी मिळत असेल तर चार दिवसांचा नेट त्यातच गेला. फायदा मात्र मोठा आहे. फोन विहिरीत पडला तरी व्हिडिओ शाबूत.

पण मला विचाराल तर खरा प्रश्न वेगळाच आहे. ते खातं कुणाच्या नावावर आहे? सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण भांडतो, आणि फोनचं खातं दुकानदार नाहीतर भाचा उघडून देतो. पासवर्ड त्याला ठाऊक, आपल्याला नाही. नंबर बदलला की खातं उघडणं अवघड होऊन बसतं. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल आतल्या सामानासकट काढून टाकू शकतं. म्हणून पासवर्ड आपल्या हातानं वहीत लिहा, आणि खात्याला चालू नंबर जोडा. गटाचं खातं असेल तर पासवर्ड बंद पाकिटात गटाच्या कपाटात ठेवा, आणि पदाधिकारी बदलल्या की तोही बदला.

आणखी एक. गूगल फोटोजमध्ये चढवलेला व्हिडिओ तिथूनच पुसला, तर फोनवरचा आणि क्लाउडवरचा दोन्ही जातात. साठ दिवस तो कचरापेटीत असतो, तेवढ्यात परत काढता येतो.

आता कणगी. एक टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये असे दीडशे तासांहून जास्त व्हिडिओ मावतात. पैसे एकदाच. घरात जुना संगणक असेल तर त्यावर जेलीफिन नावाचा फुकटचा प्रोग्रॅम बसवता येतो. मग घरच्या वायफायवर सगळ्यांच्या फोनवर आणि स्मार्ट टीव्हीवर तेच व्हिडिओ दिसतात, नेटचा डेटा खर्च होत नाही. बसवायला मात्र जाणती पोरगी लागते, आणि वीज गेली की सगळं ठप्प. नुसते व्हिडिओ जपायचे असतील तर एवढा खटाटोप नको, डिस्क पुरे.

पण डिस्क हातातून पडली तर संपलं. म्हणून प्रती दोन करा: एक घरी, एक माहेरी. पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षं विसंबू नका. ज्यांचं मोल पैशात होत नाही असे पाच-दहा व्हिडिओ क्लाउडवरही ठेवा, तेवढे फुकटच्या जागेत बसतात.

डिस्कवर घेताना फोन केबलनं जोडा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं पाठवलेला व्हिडिओ लहान होतो, चेहरे पुसट दिसतात. काम झालं की वायर ओढून काढू नका, संगणकाला आधी ‘इजेक्ट’ सांगा. पावसाळ्यात डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि सहा महिन्यांनी एकदा लावून चालते का बघा.