सूड नको, दरबारात चला: एल सिदच्या गाण्याचा धडा

हेडफोन लावलेत ना? आज जाऊया आठशे वर्षांपूर्वीच्या स्पेनमध्ये. बहुतेक लोकांना लिहिता-वाचता येत नाही. मग शहाणपण मिळतं कुठून? चर्चमधून, घरातल्या मोठ्यांकडून आणि हुग्लारकडून. हुग्लार म्हणजे गावोगाव फिरून वीरांच्या कथा गाणारा कलाकार.

त्यातली सगळ्यात गाजलेली कथा एल सिदची. हा खरा माणूस, रोद्रिगो दियास. राजा सहाव्या अल्फोन्सोने त्याला १०८१ मध्ये हद्दपार केलं. १०९४ मध्ये त्याने व्हॅलेन्सिया जिंकलं आणि १०९९ मध्ये तो तिथेच वारला.

आता गाण्यातला प्रसंग ऐका. सिदच्या दोन मुलींची लग्नं राजाने कारियोनच्या दोन सरदारपुत्रांशी लावून दिली. जावई निघाले भित्रे. सिंह सुटला तर एक जण बाकाखाली लपतो! सगळे हसतात. त्याचा राग ते बायकांवर काढतात. कोर्पेसच्या जंगलात त्यांना बेदम मारून, मेल्या असं समजून निघून जातात.

आता सिद तलवार उपसणार, असं वाटतं ना? नाही. तो राजाकडे न्याय मागतो. तोलेदोला दरबार भरतो. आधी तो जावयांना भेट दिलेल्या दोन तलवारी परत मागतो. त्यांना वाटतं, चला, सुटलो! मग तो तीन हजार मार्क मागतो. ते तर उडवून झालेले, म्हणून घोडे, खेचरं देऊन भरपाई करावी लागते. शेवटी येतो अब्रूचा प्रश्न. त्याचा निकाल राजाने ठरवून दिलेल्या द्वंद्वात लागतो आणि जावई हरतात.

गंमत म्हणजे ही लग्नं इतिहासात झालीच नव्हती. मग ती गाण्यात का आली? मला वाटतं, धडा द्यायला. तक्रार कुठे न्यायची, काय आधी मागायचं, रक्तपात कसा टाळायचा, हे सगळं शाळेशिवाय, गोष्टीतून कळत होतं. तेराव्या शतकात दहाव्या अल्फोन्सोच्या कायद्याच्या ग्रंथातही म्हटलंय, सरदारांनी जेवताना पराक्रमाच्या कथा ऐकाव्यात.

पण एक गोष्ट मला खटकते. मार खाल्ला त्या दोघींनी, आणि दरबारात मात्र त्या नाहीतच. बोलतात ते सगळे पुरुष. हाही त्या गाण्याने दिलेला एक धडाच होता. गर्दीत उभ्या असलेल्या मुलींनी तोही ऐकला असणार.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!