आठवा आकार

आज एका खेळाविषयीं बोलावयाचें आहे. पण प्रथम माझी एक चूक सांगितली पाहिजे.

सारखे चार घन पृष्ठास पृष्ठ लावून जोडले तर किती निरनिराळे आकार होतात, असा प्रश्न मीं एकदां वर्गांत घातला. एका मुलानें लांकडी ठोकळे सरसानें चिकटवून आठ आकार करून आणिले. माझें उत्तर सात होतें. तीन घनांचा काटकोन मेजावर आडवा ठेवून त्याच्या डाव्या टोकावर चौथा घन चढविला कीं एक आकार होतो, उजव्या टोकावर चढविला कीं दुसरा. "हे दोन्ही एकच, फिरवून पाहा," असें मीं बजावलें. "गुरुजी, किती फिरविले तरी जुळत नाहींत," तो म्हणाला. मीं त्याचा गुण कापला.

रात्रीं साबणाच्या वडीचे तुकडे टांचण्यांनीं जोडून मीच ते फिरवीत बसलों. ते जुळले नाहींत. एक दुसऱ्याचें आरशांतील प्रतिबिंब होता. कागदी आकृति पालथी घातली कीं डावी ती उजवी होते, कारण कागदाबाहेर तिसरी दिशा मोकळी असते. घन आकारास तसें पालथें घालावयास चौथी दिशा हवी, ती कोठून आणावी? डावा जोडा उजव्या पायांत जात नाहीं, हें रोज सकाळीं अनुभवणाऱ्यास तें सुचूं नये! दुसऱ्या दिवशीं वर्गासमक्ष मीं तो गुण परत केला.

पुढें 'सोमा' हें कोडें हातीं आलें. डॅनिश कवि पीट हाइन यांस तें हायझेनबर्ग यांचें व्याख्यान ऐकतां ऐकतां सुचलें, असें सांगतात. सरळ पट्टी व सपाट चौरस वगळून चार घनांचे सहा आकार व तीन घनांचा काटकोन, मिळून २७ घन होतात. त्यांचा तीन घन लांब, रुंद व उंच असा मोठा घन बनतो. फिरविलेल्या व प्रतिबिंबित रचना वेगळ्या न धरितां हें २४० प्रकारांनीं साधतें. कॉनवे व गाय यांनीं १९६१ सालीं ते हातानेंच मोजले. माझा कापलेला आठवा आकार त्यांत नसता तर २३ घनच उरते.

घरीं करून पाहणारांस एक खूण सांगतों. मोठ्या घनास कोपरे आठ. सातही तुकडे मिळून फार तर नऊ कोपरे व्यापूं शकतात, म्हणजे सवलत एकाच कोपऱ्याची. ज्या तुकड्यांत तीन घनांच्या पट्टीच्या मध्यास चौथा घन चिकटला आहे, तो एक तर दोन कोपरे व्यापतो, नाहीं तर एकही नाहीं. तेव्हां त्याची पट्टी मोठ्या घनाच्या कडेलाच बसवावी लागते. तेथून आरंभ करावा.