भाजण्याची शेगडी

गॅसनें कोळशाच्या शेगडीला स्वयंपाकघरांतून बाहेर काढलें, हें एका अर्थीं बरेंच झालें. पण भरताचें वांगें, पावसाळ्यांतलें कणीस किंवा हळदमीठ लावलेले बांगडे यांच्या वेळीं तिची आठवण होतेच. आणि मग गच्चीवर तीन विटा मांडून, वर एखादी तारेची जाळी टाकून काम भागविण्यांत येतें. परिणाम काय होतो तें आपणांपैकीं पुष्कळांनीं अनुभविलें असेल. डोळे चुरचुरतात, मासा वरून करपतो आणि कांट्यापाशीं कच्चाच राहतो. दोष मात्र कोळशाला देतात! माझ्या मतें कोळसा बहुधा निर्दोष असतो. चुकते ती हवेची वाट आणि विस्तवापासूनचें अंतर. या दोन गोष्टी साधल्या तर जुन्या बादलीचीहि उत्तम शेगडी घरच्या घरीं होते.

बादली निवडतांनाच पहिली सावधगिरी हवी. बाजारांत सर्रास मिळणाऱ्या चकचकीत लोखंडी बादलीवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४१९ अंश सेंटिग्रेडला वितळतें. फुललेला निखारा त्याहून पुष्कळच उष्ण असतो. फार तापलेल्या जस्ताचा जो पांढरा धूर होतो, तो छातींत गेल्यास कांहीं तासांनीं थंडी वाजून ताप भरतो. असा पत्रा सांधणाऱ्या कारागिरांना हा ताप चांगला परिचित आहे. म्हणून बादली साध्या काळ्या पत्र्याची घ्यावी, आणि वरची जाळी तर मुलाम्याची मुळींच नको. आपण मासळीला चिंच, कोकम किंवा लिंबू लावतों. त्या आंबट रसांत जस्त विरघळतें व अन्नाबरोबर पोटांत जातें. लोहाराकडून साध्या सळ्यांची जाळी करून घ्यावी, ती वर्षानुवर्षें टिकते. रसायनांचें जुनें पिंप फुकट मिळत असलें तरी तो मोह टाळावा.

आतां बांधणी. फूटभर उंचीच्या बादलींत तळापासून सुमारें चार इंचांवर, तीन-चार बोल्टांच्या आधारानें, जाड सळ्यांची जाळी बसवावी. कोळसा हिच्यावर राहावयाचा. तिच्याखालीं बादलीच्या पोटाला तीन-चार इंचांचें चौकोनी तोंड कापून त्यावर सरकतें झांकण ठेवावें. जाळीच्या वरच्या भागास आंतून इंचभर मातीचा लेप द्यावा. नुसती चिकणमाती सुकतांना तडकते, म्हणून तींत भाताचा तूस किंवा बारीक चिरलेलें गवत मळावें. लेप सावलींत आठवडाभर वाळूं द्यावा, भेगा ओल्या मातीनें बुजवाव्या, आणि पहिला विस्तव अगदीं मंद करावा. पुष्कळ शेगड्या फुटतात त्या येथेंच, मालकाच्या उतावळेपणानें.

खालचें तोंड हा शेगडीचा प्राण होय. तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यास खालून गार हवा ओढली जाते. तोंड उघडलें कीं विस्तव फुलतो, अर्धें झांकलें कीं मंदावतो. पंखा हालवीत बसण्याचें कारण उरत नाहीं. वरूनहि वाऱ्याला आवर घालतां येतो. अमेरिकेंत शिकागोजवळ धातुकामाच्या कारखान्यांत असलेल्या जॉर्ज स्टीफन यांनीं १९५२ सालीं पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा पोकळ गोळा मधोमध कापला. खालच्या अर्ध्यांत कोळसा ठेवून वरच्या अर्ध्याचें झांकण केलें. तिकडील अंगणांतून आज जी गोल शेगडी दिसते, तिचा उगम हा. आपल्याला चार भोकें पाडलेलें जुनें पातेलें पुरे.

भांड्याला जाळ लागावा लागतो. भाजावयाच्या पदार्थाला तो लागतां कामा नये. लांकडी कोळसाच वापरावा आणि त्यावर पांढरट राख चढेपर्यंत, म्हणजे सुमारें अर्धा तास, थांबावें. कोळसा अर्ध्या उंचीपर्यंतच भरला तर बादलीच्या कडेवरील जाळीशीं चार-पांच इंच अंतर आपोआप राहतें. तेथें तळहात धरून सावकाश चारपर्यंत मोजतां आलें म्हणजे मासळीस उष्णता बेताची आहे, असें समजावें. निखारे एका बाजूस सारून ठेवले तर चरबी ठिबकून भडका उडतांच पदार्थ दुसऱ्या बाजूस सरकवितां येतो.

पुढची गोष्ट मात्र जिवाची आहे. पावसाची सर आली कीं पेटती शेगडी खोलींत आणतात, किंवा थंडींत दार लावून तिच्यापाशीं निजतात. धूर गेला म्हणजे भय गेलें, हा समज अगदीं चुकीचा आहे. बिनधुराच्या लाल निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील लाल द्रव्याला तो प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट चिकटतो. डोकें जड होतें, मळमळतें, झोंप येते आणि झोंपलेला माणूस उठत नाहीं. उत्तर भारतांतून अशा बातम्या हिंवाळ्यांत अजूनहि येतात. खिडकी किलकिली ठेवणें हा उपाय नव्हे. शेगडी उघड्यावरच हवी.

काम संपल्यावर पाणी ओतूं नये, तापलेला लेप तडकतो. खालचें तोंड बंद करून वर बिनभोकांची परात झांकावी. हवा तुटली कीं निखारे विझतात, व उरलेला कोळसा पुढल्या खेपेस कामीं येतो. शेगडी हाताला पुरती गार लागेपर्यंत, हवी तर दुसऱ्या सकाळपर्यंत, ती बाहेरच राहूं द्यावी.