पाण्याचा दाब : सूत्र आणि समज

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी पदार्थविज्ञानातील एका लहानशा धड्याविषयी बोलणार आहे. सुरुवात मात्र माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी द्रवाचा दाब शिकवीत होतो. फळ्यावर सूत्र लिहिले : दाब म्हणजे खोली गुणिले घनता गुणिले गुरुत्वत्वरण. एका मुलीने उठून विचारले, "सर, आमच्या माडीवरच्या नळाला पाणी बारीक येते. मोठी टाकी बसवली तर जोरात येईल का?" तास संपत आला होता. "आधी सूत्र पाठ कर, परीक्षेत तेच विचारतात," असे म्हणून मी तिला खाली बसविले. पुढे कळले, की तिच्या वडिलांनी उसनवारी करून दुप्पट पाणी मावेल अशी रुंद टाकी जुन्याच जागी बसविली. नळाची धार होती तशीच राहिली. उत्तर तर मी फळ्यावरच लिहिले होते! सूत्रात खोली आहे. पाणी किती लिटर आहे, हे त्यात कोठेच नाही.

असे का? पाण्याखालची एक चौरस सेंटिमीटर जागा डोळ्यांपुढे आणा. तिच्यावर एक मीटर उंच पाणी असेल, तर ते 100 घन सेंटिमीटर, म्हणजे 100 ग्रॅम भरते. दहा मीटर असेल तर एक किलो. शेजारच्या पाण्याचा भार शेजारची जागा पेलते. टाकी रुंद केली की तळ मोठा होतो, म्हणून तळावरचे एकूण बल वाढते. पण प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याचा भार, म्हणजेच दाब, तेवढाच राहतो. बल आणि दाब यांतील हा फरक उमगला की अर्धा धडा आलाच. शिवाय हा दाब केवळ खाली नव्हे, तर सर्व दिशांना असतो. म्हणून तर बाजूच्या तोटीतूनही पाणी उसळते.

दाब भांड्याच्या आकारावर अवलंबून नसतो, हे सायमन स्टेव्हिन या शास्त्रज्ञाने 1586 साली मांडले. आपल्याकडचे उदाहरण घ्या. कोयनेचे धरण सुमारे 103 मीटर उंच आहे आणि त्यामागील शिवसागर जलाशय सुमारे 50 किलोमीटर लांब पसरला आहे. तो दुप्पट लांब असता, तरी खोली तीच असल्यास भिंतीवरचा दाब तोच राहिला असता. दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणून धरणाची भिंत पायाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद बांधतात.

विद्यार्थी मित्रांनो, माझ्या शब्दावर विसंबू नका. पत्र्याच्या रिकाम्या डब्याला एकाच आकाराची तीन छिद्रे एकाखाली एक पाडा. डबा त्याच्या उंचीहून उंच स्टुलाच्या कडेला ठेवून पाणी भरा. सर्वांत खालची धार सर्वांत दूर पडेल. डबा जमिनीवरच ठेवाल तर खालच्या धारेला पडायला अंतरच मिळणार नाही आणि तुमची फसगत होईल. नंतर एक रुंद डबा घ्या. दोन्ही डब्यांना तळापासून सारख्याच उंचीवर सारखेच छिद्र पाडा आणि पाणी एकाच पातळीपर्यंत भरा. सुरुवातीला दोन्ही धारा सारख्याच दिसतील.

पालकांनो, तुमच्यापैकी कित्येकांना शाळा अर्ध्यावर सोडावी लागली असेल. "आम्हाला यातले काय कळते?" असे म्हणू नका. विहिरीवर, पंपावर, नळावर तुम्ही हे शास्त्र रोज हाताळता. मुलाला "पाठ झाले का?" एवढेच न विचारता, "आपल्या घरात हे कोठे दिसते?" असेही विचारा. मुलीने विचारले तर तिला गप्प बसवू नका; मी बसविले, त्याची किंमत एका कुटुंबाने मोजली.

त्या मुलीला मी नंतर उत्तर दिले : टाकी मोठी नको, उंच हवी, आणि नळी गंजून अरुंद झाली असेल तर ती आधी बदला. उत्तर खरे होते, पण उशिरा दिलेले. तुमच्या घरी असा उशीर होऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.