कुंडिनपुरची वाट



घरापासून दूर पडलेली एक मुलगी, तिच्या वाटेवरची अद्भुते आणि अखेर तिचे घरी परतणे, हा कथाबंध पाश्चात्त्य बालवाङ्मयात एका पुस्तकाने रूढ केला. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाचे ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ 1900 साली प्रसिद्ध झाले आणि 1939 साली त्यावर निघालेला चित्रपट जगभर गेला. कॅन्सासच्या करड्या माळावर मावशी आणि काका यांच्यापाशी वाढणारी डोरोथी वावटळीने उचलली जाते आणि ऑझ नावाच्या मायानगरीत जाऊन पडते. चित्रपटात कॅन्साससाठी तपकिरी छटा आणि ऑझसाठी झगझगीत रंग वापरले आहेत. तरीही मुलीची ओढ त्या बेरंगी माळाकडेच आहे. घरी नेणारी शक्ती पहिल्या दिवसापासून तिच्या पायातल्या जोड्यांत होती, हे तिला अखेरीस कळते. मूळ पुस्तकात हे जोडे चांदीचे आहेत. चित्रपटाने रंगासाठी ते माणकांचे केले.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. घरची वाट पायाशी असून न दिसणे, ही गोष्ट महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषींनी युधिष्ठिराला सांगितलेली आहे. तिची नायिका विदर्भकन्या दमयंती होय. तिचे माहेर कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेले कौंडण्यपूर, अशी परंपरा आहे.

मराठी वाचकाला दमयंती ठाऊक आहे ती प्रामुख्याने रघुनाथ पंडितांमुळे. परंतु त्यांच्या आख्यानाचे नावच ‘नलदमयंतीस्वयंवर’ आहे. राजहंस, त्याचा विलाप, त्याचे दूतकर्म आणि स्वयंवरमंडप यांवर कवीची सारी प्रतिभा खर्ची पडली. संस्कृतात श्रीहर्षानेही ‘नैषधीयचरित’ विवाहोत्तर विलासापाशीच थांबविले. मोरोपंतांनी वनपर्व आर्याबद्ध करताना पुढची कथा सांगितली खरी, पण रसिकांच्या ओठी राहिला तो हंसच. कलकत्त्याच्या मादन कंपनीने 1920 साली या कथेवर मूकपट काढला. त्यात पेशन्स कूपर दमयंती झाली होती आणि दिग्दर्शक युजेनिओ द लिग्वोरो हा इटालियन होता. तिथेही आकर्षण होते ते हंसदूताचे आणि नलाचे रूप घेणाऱ्या देवांचेच. वरमाला पडली की पंडितांचे लक्ष संपते, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही. वस्तुतः त्या मुलीची खरी कथा तेथून पुढे सुरू होते.

नल द्यूतात राज्य हरत चालला तेव्हा दमयंतीने एक शहाणपणाची गोष्ट केली. सारथी वार्ष्णेय याच्यासोबत तिने दोन्ही लेकरे कुंडिनपुरास धाडली. स्वतः मात्र ती नलाबरोबर वनात गेली. पक्ष्यांनी नलाचे वस्त्र पळविले आणि दोघांत एकच वस्त्र उरले. तेव्हा नलाने तिला वाटा दाखविल्या. दक्षिणेकडे जाणारे मार्ग, विंध्य पर्वत, समुद्राला मिळणारी पयोष्णी, हा विदर्भाचा रस्ता, तो कोसलाचा. ही पयोष्णी म्हणजे तापी असे काही अभ्यासक म्हणतात, काहींच्या मते ती पूर्णा. पूर्णा घेतली तरी ती चांगदेवापाशी तापीला मिळते आणि तापी सुरतेवरून सागरास जाते. म्हणजे नलाने बोट दाखविले ते पाणी सुरतकरांच्या अंगणातले आहे.

या प्रसंगाची खोली विलक्षण आहे. नल उघड काही बोलत नाही, फक्त पुन्हा पुन्हा विदर्भाचा रस्ता दाखवितो. दमयंतीच्या मनात चर्र होते. नवरा माहेरची वाट दाखवू लागला की त्याचा अर्थ काय, हे कोणत्याही सासुरवाशिणीला सांगावे लागत नाही. ती म्हणते, जायचेच तर दोघेही जाऊ, माझे वडील तुमचा मान राखतील. ऐश्वर्यात असताना ज्या दारी गेलो तिथे या दशेत कसा जाऊ, हे नलाचे उत्तर. त्याच रात्री निजलेल्या पत्नीच्या अंगावरचे अर्धे वस्त्र तोडून तो निघून जातो.

जागी झालेल्या दमयंतीला विदर्भाची वाट माहीत आहे. तरी ती त्या वाटेने जात नाही, नलाला शोधत हिंडते. अजगर तिला विळखा घालतो. सोडविणारा व्याधच तिची अभिलाषा धरतो आणि तिच्या शापाने मरतो. ती वाघाला विचारते, पर्वताला विचारते, अशोकवृक्षाला विचारते. एक तपोवन दिसते, तेथील ऋषी तिला धीर देतात आणि पाहता पाहता ते तपोवनच नाहीसे होते. डोरोथीला वाटेत सोबती मिळाले. दमयंतीला मिळाला तो चेदी देशाकडे चाललेला व्यापाऱ्यांचा तांडा. तोही रात्री सरोवराकाठी निजला असताना रानहत्तींनी तुडविला, आणि वाचलेल्यांनी ठपका ठेवला तो या परक्या, मळक्या बाईवर. अवदसा म्हणून एखाद्या स्त्रीकडे बोट दाखविण्याची ही रीत पुराणकाळापुरती राहिली, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

चेदिनगरीत अर्धे वस्त्र नेसलेल्या, वेडीसारख्या दिसणाऱ्या दमयंतीच्या मागे पोरे लागतात. राजमाता तिला वरून पाहते आणि आश्रय देते. दमयंती सैरंध्री म्हणून राहते, पण अटी घालून. उष्टे खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही. पुढे तिच्या पित्याने पाठविलेला सुदेव नावाचा ब्राह्मण तिला भुवयांमधल्या तिळावरून ओळखतो. राजकन्या सुनंदा तिच्या कपाळावरचा मळ धुते आणि तीळ उजळून दिसतो. मग राजमातेला रडू कोसळते, कारण ही तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. म्हणजे इतके दिवस दमयंती आपल्या मावशीच्याच घरी दासी म्हणून राबत होती. डोरोथीच्या पायातले जोडे आणि दमयंतीच्या कपाळावरचा तीळ यांचे काम एकच आहे, मात्र तिळावरचा मळ पुसायला दुसऱ्या मुलीचा हात लागला.

पंडितांनी वगळलेला हा प्रवास ज्याने घरोघरी पोहोचविला, तो कवी गुजरातीचा. सतराव्या शतकातले बडोद्याचे प्रेमानंद भट्ट माणभट होते, तांब्याच्या घागरीवर बोटांतल्या अंगठ्यांनी ठेका धरून ते आख्याने गात. त्यांच्या ‘नळाख्यान’च्या अखेरीस नोंद आहे की या काव्याचा आरंभ सुरतेत झाला आणि समाप्ती नंदुरबारला. संवत 1742, म्हणजे इसवी सन 1686 च्या सुमाराची ही गोष्ट. आरंभ तापीच्या मुखाशी आणि शेवट खानदेशात, हा योग सुरतेच्या मराठी वाचकाने मुद्दाम ध्यानात ठेवावा असा आहे.

प्रेमानंदांच्या आख्यानात महाभारतात नसलेले दोन प्रसंग येतात. दमयंतीच्या हातात अमृत आहे, त्यामुळे भुकेल्या नलाने धरलेले मासे तिच्या स्पर्शाने जिवंत होऊन पाण्यात निसटतात आणि तिनेच ते खाल्ले असा नलाचा समज होतो. पुढे मावशीच्या घरी टोडल्यावर टांगलेला हार टोडला गिळतो आणि चोरीचा आळ दमयंतीवर येतो. अखेर टोडला फुटतो आणि हार बाहेर पडतो. दोन्ही आळ चोरीचे आहेत, एक नवऱ्याने घेतलेला, दुसरा आप्तांच्या घरातला. रात्री चौकात बसून ऐकणाऱ्या बायकांचे डोळे कोणत्या ठिकाणी भरून येतील, हे त्या माणभटाला पंडितांपेक्षा अधिक कळत होते.

खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात आणि या सणाला लेकी माहेरी येतात. सुरतेच्या कापडधंद्यात खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे वसली. नंदुरबारकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग हाच त्यांच्या लेकींचा माहेरचा रस्ता. प्रेमानंदांची कथा ज्या दिशेने गेली, त्याच दिशेने या गाड्या जातात. त्यातल्या किती जणी कपाळावरचा मळ झाकून, ‘सारे ठीक आहे’ असे सांगत घरात शिरतात, ते त्यांच्या आयांना ठाऊक.

दोन्ही कथांचा शेवट मात्र वेगळा आहे. डोरोथी परतते तेव्हा मूळ पुस्तकात जुने घर नाहीच, ते वावटळीने नेले, काकांनी नवे बांधले आहे. जादूचे जोडेही वाळवंटात गळून पडले आहेत. मावशी तिला पोटाशी धरते आणि गोष्ट संपते. दमयंती मावशीकडून पालखी मागून घेते, कुंडिनपुरास पोहोचते, लेकरांना भेटते. एक रात्र विसावा घेते. सकाळी आईला सांगते की, मी जगावे असे वाटत असेल तर नलाला आणा. भीमराजाचे ब्राह्मण चहूदिशांना निघतात. दमयंती त्यांना सभासभांतून विचारायला एक प्रश्न पढविते : माझे अर्धे वस्त्र तोडून, वनात निजलेल्या मला टाकून तू कोठे गेलास? अयोध्येत ऋतुपर्णाच्या पदरी असलेला बाहुक नावाचा कुरूप सारथी तो प्रश्न ऐकतो, पर्णाद ब्राह्मणाला एकांतात गाठतो आणि उत्तर देण्यापूर्वी रडू लागतो.