दोन वर्षं आणि सत्तर वर्षं

(नवेगाव बांध येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आजचा विषय आहे ‘बायबलमधील भविष्यवाणी : न्याय आणि आशा’. जग कधी बुडणार याची तारीख मिळेल म्हणून कोणी आलं असेल तर त्याची निराशा आधीच करून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं ऐकता येईल.

तरी सुरुवात मात्र खऱ्या ठरलेल्या एका भाकितानं करतो. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. ती गाडी आपल्या गोंदियावरूनच जाते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला आणि बोलता बोलता गोष्ट धर्मावर आली. त्यानं टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि म्हणाला, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट लोक फार चवीनं सांगतात. पण टिळकांना ओढून नेलं ते त्या प्रवाशाच्या भाकितानं नव्हे, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं. आणि बायबलचे संदेष्टे तर असल्या भाकितांचा धंदा करतच नाहीत. ते काय करतात हे बघायचं तर आमोसाकडे जावं लागतं.

आमोस इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. दक्षिणेकडच्या तकोवा गावचा मेंढरं राखणारा माणूस. उंबराच्याच जातीतल्या रानअंजिरांची झाडं सांभाळणं हा त्याचा दुसरा उद्योग. पुरोहित घराण्यातला नाही, कुणा संदेष्ट्याचा चेलाही नाही. हा गडी उत्तरेच्या राज्यात, बेथेलच्या राजमान्य देवळापाशी येऊन उभा राहतो आणि बोलायला लागतो.

त्याच्या बोलण्याची रचना पाहा. आधी दमास्कसवर देवाचा कोप होणार म्हणतो. मग गाझा, मग सोर, अदोम, अम्मोन, मवाब. सगळे शेजारी, सगळे जुने वैरी. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या असतील. मग यहूदाचं नाव येतं, म्हणजे भाऊबंदकीतलं राज्य. तेही गोडच लागलं असेल. आणि त्यानंतर तो वळतो तो समोर बसलेल्या इस्राएलाकडे, आणि मग थांबतच नाही. शेजाऱ्यांना दोन-चार वाक्यांत उरकणारा आमोस घरच्यांची पापं सांगायला अध्यायच्या अध्याय घेतो.

आणि पापं कोणती? तुम्ही धान पिकवणारी, विकणारी माणसं आहात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. चंद्रदर्शनाचा सण आणि शब्बाथाचा विसाव्याचा दिवस कधी एकदा संपतो आणि दुकान उघडतो, असं झालेले व्यापारी. देवळात बसलेत, पण मन गल्ल्यावर. धान्य द्यायचं माप लहान, पैसा तोलायचं वजन जड आणि तराजू खोटा. म्हणजे मापात पाप, तेही दोन्ही बाजूंनी. वर गव्हात तूस-कचरा मिसळून विकायचा. जोडभर वहाणांच्या किमतीएवढ्या कर्जापायी गरीब माणूस गुलाम करून घ्यायचा. आमोसाच्या आरोपपत्रात खोट्या पूजेचाही उल्लेख आहे, पण जोर सगळा या काट्यावर.

त्या लोकांनाही ‘परमेश्वराचा दिवस’ हवाच होता. तो येईल, वैऱ्यांचं तळपट करील, आपली आरती होईल, अशी खात्री. आमोस सांगतो, तो दिवस उजेडाचा नाही, अंधाराचा आहे. सिंहाच्या तावडीतून सुटलेल्याला अस्वल गाठतं, कसाबसा घरात शिरून भिंतीला हात टेकतो तर तिथं साप डसतो, असा. या रानात अस्वल काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. शेवटी देवळाचा पुरोहित अमस्या त्याला म्हणतो, आपल्या मुलखात जा आणि तिकडे पोट भर. आजही अप्रिय बोलणाऱ्या वक्त्याला आयोजक साधारण हेच सुचवतात. इथले अपवाद असावेत. पुढं इसवी सनापूर्वी ७२२च्या सुमारास अश्शूरांनी ते उत्तरेचं राज्य बुडवलं.

आता आशा. तिच्यासाठी सव्वाशे वर्षं पुढं, दक्षिणेच्या यहूदातल्या यिर्मया संदेष्ट्याकडे. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरानं यरुशलेमेतले लोक बंदी करून नेले होते. तेव्हा हनन्या नावाच्या संदेष्ट्यानं भर देवळात जाहीर केलं की दोन वर्षांत सगळे परत येतील. पुन्हा दोन वर्षं! लोकांना ते आवडलं, कुणालाही आवडेल. यिर्मया म्हणाला, सत्तर वर्षं. बंदिवानांना त्यानं पत्र धाडलं, त्यात दिलासा कमी आणि कामं जास्त : घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या शहरात नेऊन ठेवलंय त्याचं भलं चिंता.

या पत्राचा अर्थ कळायला नवेगावकरांना फार लांब जायला नको. प्रतापगड-गोठणगावची तिबेटी वसाहत १९७०च्या दशकातली. परतीची आस सोडली नाही आणि शेत नांगरायचंही थांबवलं नाही, अशी माणसं तुमच्या शेजारी आहेत.

यिर्मयानं आणखी एक केलं, आणि मला सगळ्या बायबलात ही गोष्ट अतिशय आवडते. पुढं यरुशलेमेला पुन्हा वेढा पडलाय. नगर पडणार हे स्वतः यिर्मयाच सांगतोय आणि त्यापायी राजानं त्याला पहाऱ्यात डांबलंय. अशात चुलतभाऊ हनामेल येतो : अनाथोथचं माझं शेत घे, हक्क तुझाच आहे. ते शेत शत्रूच्या छावणीच्या टापूत. असली जमीन फुकटही कोणी घेणार नाही. यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो. साक्षीदार बोलावतो, खरेदीखताच्या दोन प्रती करतो, एक मोहरबंद आणि एक उघडी, आणि दोन्ही मडक्यात घालून जपायला आपला लेखनिक बारूख याच्या हवाली करतो. कागद टिकला पाहिजे, कारण या देशात पुन्हा शेतं विकली-घेतली जातील. न्याय टळणार नाही हे माहीत असताना केलेला हा व्यवहार. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेल्या इथल्या तलावाच्या पाण्यावर ज्यांची शेती झाली, त्यांना पुढच्यांसाठी केलेली गुंतवणूक समजते.

आता बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या ग्रंथाबद्दल थोडक्यात. रोमी सत्तेखाली भरडल्या जाणाऱ्या सात ख्रिस्ती मंडळ्यांना धीर द्यायला लिहिलेला तो ग्रंथ आहे. अशा ग्रंथांचं पंचांग करणाऱ्यांची दरवेळी फजितीच झाली. अमेरिकेतल्या विल्यम मिलरच्या अनुयायांनी दानिएलाच्या ग्रंथावरून हिशेब मांडून येशूच्या पुनरागमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं उजाडलं. वास्तविक तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असं येशूनं स्वच्छ सांगितलंय. पुढं न्यायाची कसोटीही सांगितली : भुकेल्याला खायला दिलंत का, परक्याला घरात घेतलंत का?

ही कसोटी मराठी मुलखात कोणी मनावर घेतली असेल तर पंडिता रमाबाईंनी. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण उपासमारीनं गेलेली. १८९६-९७ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपला हा भागही तेव्हा त्याच प्रांतात. हा देवाचा कोप की काय, यावर प्रवचनं झोडायला कितीतरी लोक मोकळे होते. रमाबाई प्रांतात हिंडल्या आणि शेकडो मुली-बायांना घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणलं, त्यात आमोस आला, यिर्मयाही आला. १९२२ साली त्या गेल्या. ते बायबल केडगावच्याच छापखान्यातून १९२४ला बाहेर पडलं.

तुम्हाला एवढंच सुचवतो, सुरुवात आमोसापासून करा. नऊच अध्याय आहेत, तासाभरात होतात. फक्त वाचताना शेजाऱ्याचं नाव मनात धरू नका.