नवा कॉम्प्युटर, पण पडदा काळा



गटासाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं की आधी दोन-तीन दुकानांतून कोटेशन येतात. कंपनीचा तयार सेट महाग वाटतो, मग सुटे भाग जोडून केलेला घेऊ असं ठरतं. त्याला असेंबल्ड म्हणतात. त्यात वाईट काही नाही. उद्या एखादा भाग बदलायचा झाला तर तो सोयीचाच पडतो. पण त्यातले भाग चार-पाच कंपन्यांचे असतात, आणि त्यांचं एकमेकांशी जमतं का, हे कुणीतरी आधी बघावं लागतं. ते न बघितल्यामुळे काय होतं, ते आज बोलू.

मसाले करणारा एक गट आहे. पुड्यांची लेबलं, कर्जाच्या नोंदी आणि गावातल्या लोकांचे ऑनलाइन अर्ज, एवढ्यासाठी त्यांनी २७,००० रुपयांचे सुटे भाग आणले. सदस्याच्या भाच्याने ते जोडले. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, पण पडदा काळाच. वर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरं. दुकानदार फोनवर म्हणाला, "माल सीलबंद दिलाय. तुमच्याकडे लाइट कमी-जास्त होते, काहीतरी जळलं असणार." झालं! बटण सचिवताईंनी दाबलं होतं, म्हणून त्यांच्याकडे बोटं वळली. बँकेचा हप्ता तर पुढच्या महिन्यापासून सुरू होणार होता.

खरं म्हणजे काहीच जळलं नव्हतं. बिलावर प्रोसेसरचं नाव होतं ‘आय ३ - १२१०० एफ’. सगळी गोम त्या शेवटच्या ‘एफ’मध्ये होती. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी इंग्रजी ‘एफ’ असतो, त्यात पडद्यावर चित्र पाठवणारा भाग नसतो. म्हणून तो थोडा स्वस्त मिळतो. त्याच्यासोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं, आणि ते या सेटमध्ये नव्हतंच. मदरबोर्डच्या मागे एचडीएमआयची जागा दिसते, मॉनिटरची वायर तिथे नीट बसतेही. पण ती जागा म्हणजे नुसता नळ. टाकीच नसेल तर नळाला पाणी कुठून येणार?

ताई बिल घेऊन दुकानात गेल्या, त्या एका अक्षरावर बोट ठेवलं, आणि फरकाचे पैसे भरून ‘एफ’ नसलेला तोच प्रोसेसर बदलून आणला. नोंदी, लेबलं, अर्ज एवढ्या कामाला वेगळं कार्ड कशाला हवं? ते महाग पडतं आणि वीजही खातं. एएमडी कंपनीचा रायझन घेणार असाल तर ५००० च्या मालिकेत उलट बघायचं. तिथे नावामागे ‘जी’ असेल, जसं ५६०० जी, तरच चित्राची सोय आत असते.

कुकरची रिंग आणताना आपण जुनी रिंग सोबत नेतो ना? दोन्ही नव्या, दोन्ही चांगल्या, पण मापाची नसेल तर वाफ धरत नाही. इथेही तसंच आहे. नवा कॉम्प्युटर चालू होत नसेल तर ‘बिघडला’ म्हणण्याआधी ‘जमत नाही का?’ हे विचारायचं.

आता रॅमचं बघा. रॅम म्हणजे ती लांबट हिरवी किंवा काळी पट्टी. ती डीडीआर ३, डीडीआर ४, डीडीआर ५ अशी येते. तिच्या खालच्या सोनेरी कडेला एक खाच असते, आणि प्रत्येक प्रकारात ती वेगळ्या ठिकाणी असते. चुकीची पट्टी बोर्डात बसूच नये म्हणून केलेली ही सोय आहे. म्हणून पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका, बाहेर काढून खाच बघा. खाच जुळत असेल तर मात्र दोन्ही टोकांना अंगठ्याने सरळ दाबायचं, खटका लागेपर्यंत. नवीन कॉम्प्युटर काळा राहण्याचं हे फार साधं कारण आहे, रॅम अर्धवट बसलेली असते. जुन्या रॅमला खोडरबर घासतात, ते नव्या रॅमला करत बसू नका. आणि डीडीआर ५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. बोर्ड तेवढ्यात रॅमची ओळख करून घेत असतो. तेव्हा घाईने बटण बंद करू नका.

वाहतुकीत वायरी सैल होतात, तेही बघायचं. कॅबिनेटच्या मागे पॉवर सप्लायचं स्वतःचं बटण असतं, ते गोल खुणेकडे असेल तर बंद. बोर्डाला विजेच्या दोन वायरी लागतात. एक मोठी, २४ टोकांची. दुसरी प्रोसेसरजवळ वरच्या कोपऱ्यात, ४ किंवा ८ टोकांची. ही दुसरी राहून गेली तरी पंखे फिरतात, म्हणून वाटतं वीज येतेय. पण प्रोसेसर उपाशीच असतो. ग्राफिक्स कार्ड घेतलं असेल तर मॉनिटरची वायर त्या कार्डाला लावायची, बोर्डाला नाही.

हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढायचा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. प्लग काढल्यावर चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज उतरते. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, विशेषतः थंडीत नायलॉनची साडी अंगावर असेल तर. पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहते. प्रोसेसरवरचा पंखा आणि खालचं झाकणही आपण काढायचं नाही. इंटेलच्या त्या खोबणीत केसासारख्या पिना असतात. एक वाकली की बोर्ड गेला, आणि दुकानदाराला खरोखरच बोलायला जागा मिळते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष कॉम्प्युटरमध्ये शोधण्याआधी वायरमनला बोलवून अर्थिंग बघा. आपल्याकडे कितीतरी घरांत तिसरी पिन नुसती नावाला असते.

एवढं करूनही चालू झाला नाही तर प्रिंटर आणि हार्ड डिस्क काढून ठेवा, एकच रॅम ठेवा आणि परत बघा. काही बोर्डांवर चार बारीक दिवे असतात. त्यांच्याशेजारी इंग्रजीत सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं असतं. जो दिवा लागून राहतो तिथे अडलंय, असं समजायचं. त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. आणि पडद्यावर अक्षरं आली, पण बूट करायला डिस्क सापडत नाही असा इंग्रजी मजकूर दिसला, तर घाबरू नका. नवी डिस्क कोरी असते, बहुधा विंडोज टाकायचं राहिलेलं असतं.

एक अडचण घरी सोडवू नये अशी आहे. बोर्ड आधी बनलेला आणि प्रोसेसर नंतर बाजारात आलेला असेल, तर बोर्ड त्याला ओळखत नाही. खोबणी तीच, बसतोही नीट, पण पडदा काळा. उदाहरणार्थ, बाराव्या पिढीच्या वेळी निघालेला एच ६१० बोर्ड आणि त्यावर तेराव्या पिढीचा प्रोसेसर. अशा वेळी बोर्डातला बायोस नावाचा प्रोग्राम नवा करावा लागतो. मध्येच लाइट गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो, म्हणून हे काम दुकानातच, यूपीएसवर करून घ्यावं.

बिलावर ‘कॉम्प्युटर सेट १ नग’ एवढंच लिहून देत असतील तर घेऊ नका. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, डिस्क, पॉवर सप्लाय, प्रत्येकाचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट, नंबर आणि वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. प्रत्येक भागाची वॉरंटी सारखी नसते. रिकामी खोकी वर्षभर माळ्यावर राहू देत, चुलीत घालू नका. पैसे देण्याआधी दुकानातच जोडून, चालू करून दाखवायला सांगा. वेळ लागतो, दुकानदार कुरकुरतो, तरी दोघी-तिघींनी थांबायचं.

बिल नीट असूनही कोणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लिहून घ्या, १९१५. फोन करताना बिल आणि त्या दिव्याचा फोटो जवळ ठेवा. पुढच्या मासिक बैठकीत आपापल्या गटाचं बिल आणा, नावं सोबत वाचू. नमस्कार.